मागच्या लिंक बदलल्या, पुढे कोणी पाहिलेच नाही: सहा दिवसांचा वृत्तांत

मोटारसायकलची उंची कमी करून देणाऱ्या कारागिराने निघताना मला सांगितले होते की मागच्या लिंक (मागचे चाक सस्पेन्शनला जोडणाऱ्या पट्ट्या) बदलल्या की काम संपते, बाकी कशालाही हात लावावा लागत नाही. हे साफ खोटे आहे आणि ते कळायला मला पहिल्या दिवसाचा पहिला थांबा पुरला. सपाट डांबरावर गाडी साइड स्टँडला लावून मी हेल्मेटचा पट्टा सोडवत असताना शेजारून एक ट्रक गेला आणि त्याच्या वाऱ्याच्या झोताने गाडी सामानासकट उजवीकडे आडवी झाली. गाडी खाली आली होती, स्टँड मात्र मूळ लांबीचाच राहिला होता. त्यामुळे ती स्टँडवर रेलण्याऐवजी जवळजवळ ताठ उभी राहत होती.

माझी उंची १६१ सेंटिमीटर, जांघेपासून टाचेपर्यंतची लांबी ७२ सेंटिमीटर आणि गाडीच्या सीटची कागदावरची उंची ८३० मिलिमीटर आहे. मूळ गाडीवर एका पायाचा चवडा टेकवायचा तर दुसरा पाय अधांतरी राहत असे. नव्या, लांब लिंकांनी मागचे चाक ३० मिलिमीटर वर घेतले, पण म्हणून सीटही ३० मिलिमीटर खाली आली असे होत नाही. सीट दोन चाकांच्या मध्ये असते. पुढची बाजू आहे तिथेच राहिली तर बसण्याच्या जागी मिळणारा फायदा त्याहून कमी असतो. माझ्या मोजपट्टीवर तो २० मिलिमीटरच्या आसपास भरला. पैसे मात्र ‘पुढचे आणि मागचे सेटिंग’ असे लिहून पूर्ण घेतले होते.

त्याच दुपारी एका वेल्डिंगवाल्याकडे स्टँड कापून घेतला. किती कापायचा हे डोळ्यांनी ठरवू नये. आम्ही दोन्ही चाकांखाली २० मिलिमीटर जाडीच्या फळ्या सरकवल्या आणि गाडी पूर्वीसारखी रेलते का ते पाहिले. ती रेलली, म्हणून तेवढाच तुकडा काढला. स्टँडच्या तळाची चकती पुन्हा जोडताना ती जमिनीशी समांतर बसते ना, हे वेल्डिंगचा पक्का टाका मारण्यापूर्वी तपासावे. त्या रात्री समोरून येणारा प्रत्येक वाहनचालक मला दिवे मारत होता, कारण मागची बाजू बसल्यामुळे हेडलाइटचा झोत वर गेला होता. तो स्क्रूने खाली घ्यायला दोन मिनिटे लागली, पण ती दोन मिनिटे कारागिराची होती.

दुसऱ्या दिवशी चांगला रस्ता होता, त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही.

तिसऱ्या दिवशीचा घाट आधीच्या पावसात वाहून गेलेला होता आणि सुमारे ११ किलोमीटर नुसते सुटे दगड आणि चाकोऱ्या होत्या. हा पट्टा पार करायला मला साडेतीन तास लागले. सीट खाली यावी म्हणून मागच्या शॉकचा (धक्के झेलणाऱ्या भागाचा) प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला ताणही सर्वांत कमी करून ठेवला होता. त्यात सामानाचे वजन, त्यामुळे प्रत्येक मोठ्या धक्क्याला सस्पेन्शन तळाला आपटत होते आणि इंजिनखालचा संरक्षक पत्रा, बॅश प्लेट, दगडांवर खरवडत होता. चढावरच्या एका वळणात गाडी बंद पडली. मी सवयीने खालच्या बाजूचा पाय टाकला, तिथे वीतभर खोल चाकोरी होती आणि मी गाडीसकट कलंडलो. वीतभर खड्ड्यापुढे २० मिलिमीटरचा काय पाड! अशा जागी गाडी बुटकी असून उपयोग नाही, थांबायची जागा निवडता यावी लागते. थांबण्यापूर्वीच उताराची वरची बाजू कोणती ते पाहावे, सीटवर त्या बाजूला कंबर सरकवून तो एकच पाय पूर्ण टेकवावा आणि दुसरा फूटरेस्टवर ठेवावा. दोन्ही पाय टेकवण्याचा हट्ट धरणारा माणूस दोन्हीकडे अर्धवटच टेकतो.

मुक्कामी पोहोचल्यावर टॉर्च घेऊन खाली पाहिले. मागच्या मडगार्डच्या आतल्या बाजूला टायरने घासून बोटभर रुंदीचा गुळगुळीत पट्टा केला होता आणि टेललाइटची वायर त्या पट्ट्यापासून जेमतेम अर्ध्या बोटावर होती. लांब लिंक लावल्या की धक्क्याला चाक पूर्वीपेक्षा वर पोहोचते. म्हणून सर्वांत खालच्या स्थितीत टायर कुठे लागतो, हे शॉक काढून हाताने तपासल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नये. मग पुढे आलो, तर टीच्या (पुढच्या चाकाचे दोन्ही फोर्क, म्हणजे दांडे, आवळून धरणाऱ्या पकडीच्या) बोल्टांवरची कारखान्याची पिवळी खूण अखंड होती. ‘पुढचे सेटिंग’ म्हणून पैसे घेतलेल्या ठिकाणी कोणी पानासुद्धा लावला नव्हता.

नुसती मागची बाजू खाली घेतल्याने फोर्कचा कोन आडवा होतो आणि स्टिअरिंग जड, आळशी होते. दोन दिवस वळणांत गाडी बाहेर का पळत होती, ते आता कळले. गाडी मेन स्टँडवर घेऊन, इंजिनखाली ठोकळा देऊन पुढचे चाक अधांतरी केले, टीचे बोल्ट सैल केले आणि दोन्ही फोर्क १५ मिलिमीटर वर सरकवले. दोन्ही बाजू मोजूनच सारख्या कराव्यात, कारण फरक राहिला तर ॲक्सल पिळला जातो. बोल्ट टॉर्क रेंचने ठरलेल्या मापाला आवळावेत आणि फोर्क पूर्ण दबले तरी पुढचा टायर खालच्या टीला किंवा रेडिएटरला लागत नाही, याची खात्री करावी. प्रीलोड पाच टप्पे वाढवला. सामानासह बसल्यावर एकूण हालचालीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतके सस्पेन्शन दबावे, हा हिशेब उंचीपायी मोडू नये.

चौथ्या दिवशी गाडी अशी वळू लागली की मी घाटाच्या माथ्यावर एकटाच मोठ्याने हसलो, तेव्हा यापुढचा सल्ला थोड्या भरात लिहिलेला आहे हे वाचकाने लक्षात घ्यावे. बुटक्या चालकाने लिंकांपासून सुरुवात करूच नये. आधी सीटचा पुढचा भाग दोन्ही बाजूंनी निमुळता करून घ्यावा. रुंद सीट मांड्या फाकवते आणि पायाची लांबी बाहेरच्या बाजूला वाया जाते. परतल्यावर मी प्रत्येक बाजूने १५ मिलिमीटर फोम काढून घेतला आणि लिंकांनी दिले नव्हते तेवढे त्याने दिले. जाड तळाचे बूट घेतले तर गिअरचा लिव्हर वर करून घ्यावा, नाहीतर बूट त्याखाली जात नाही. सामान टाकीच्या मागे, खाली आणि दोन्ही बाजूंना समान ठेवावे. एवढे करूनही उरले तरच लिंका, आणि त्याही फोर्क, स्टँड व हेडलाइट एकाच दिवशी, तुमच्यासमोर, होणार असतील तर.

मूळ लिंका मागायला गेलो, तेव्हा त्या भंगारात गेल्याचे उत्तर मिळाले. तासभर उभा राहिल्यावर त्या बाकाखालून निघाल्या, पण एक बोल्ट कमी होता. आता त्या पुन्हा बसवल्या आहेत, स्टँडला कापलेला तुकडा परत जोडला आहे आणि फोर्क मूळ खुणेवर आणले आहेत.