भाऊ जामिनावर सुटला पण टीबीचा कागद आतच राहिला

माझा धाकटा भाऊ चोरीच्या केसमध्ये आत होता, केस अजून चालूच आहे. जेलमध्येच त्याला टीबी निघाला. बराकीत कूस बदलायला जागा नाही, एकाचा खोकला सगळ्यांचा होतो.

जामीन झाला पण सुटका नाही. १५,००० चा जामीनदार पाहिजे, तोही सॅलरी स्लिप आणि रेशनकार्डवाला. आमच्या गोवंडीच्या गल्लीत कोण भंगारात, कोण जरीकामाला, मी चार घरची धुणीभांडी करते, स्लिप कुणाकडे असणार? महिना तसाच गेला. मग कळलं की आत असलेल्या माणसाला कमाई न बघता फुकट वकील मिळतो, १९८७ च्या कायद्यातच आहे. आधी कुणी बोललंच नव्हतं. त्या वकीलताईंनी अर्ज टाकला, की सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये सांगितलंय, जामीन होऊन महिनाभर माणूस पैशापायी अडकला तर कोर्ट अटी सैल करू शकतं. ५,००० कॅशवर काम झालं.

सुटला रात्री, हातात पिशवी आणि चार दिवसांच्या गोळ्या, कागद एकही नाही! हेल्थ पोस्टवर, म्हणजे पालिकेच्या दवाखान्यात गेलो तर म्हणे आधीचा कागद आणा. मी परत जेलच्या गेटवर, दोन खाडे, आणि या धावपळीत गोळ्या संपल्या. नंतर एका सिस्टरने नीट समजावलं, टीबीच्या प्रत्येक पेशंटचा निक्षय नंबर, म्हणजे सरकारी नोंदणीचा नंबर असतो, तो असला की दुसऱ्या सेंटरला पुढचा कोर्स चालू करता येतो. सहा महिन्यांचा कोर्स मध्येच तुटला तर साध्या गोळ्यांना न जुमानणारा टीबी होऊ शकतो. तुमचं कुणी आत असेल तर सुटायच्या आधीच वकिलाला सांगून तो नंबर लिहून घ्या, खरंच सांगते, रिलीज ऑर्डरइतकाच तो महत्त्वाचा आहे.

टीबीच्या पेशंटला खाण्यासाठी सरकार महिन्याला १,००० देतं, नोव्हेंबर २०२४ आधी ५०० होते, पण ते बँकेत येतात आणि भावाचं आधार पाकिटासकट पोलीस स्टेशनात जमा, म्हणून खातंही अडलेलं. अंगठा देऊन आधार परत काढलं, त्यात अजून एक खाडा. माझ्या पोरीचीही तपासणी करून घेतली, काही निघालं नाही, त्या रात्री मी पहिल्यांदा नीट झोपले.

आता कोर्सचा चौथा महिना चालू आहे. पुढच्या आठवड्यात तारीख आहे, त्या दिवशीच्या गोळ्या डब्याबरोबर बांधून देणार, कोर्टात दिवस कसा जातो कळत नाही.