घर, वाडा, गायरी

अक्षर एकही चुकलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. बावीस वर्षं मोडी कागद वाचतोय. शब्द न तोडता ओढलेली ओळ, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, अशा लिखाणाला डोळे सरावलेत. चुकलं ते भलतंच. आणि तेही ज्या शब्दात मी लहानाचा मोठा झालो, त्या शब्दात.

शनिवार पेठेतला आमचा वाडा म्हणजे अकरा बिऱ्हाडं, मधे चौक, कोपऱ्यात हौद आणि सकाळी संडासापुढे रांग. आमच्या वाट्याला दोन खोल्या. तरी पत्ता सांगताना 'अमक्यांचा वाडा' म्हटलं की छाती पुढे यायची. पुण्यात तो शब्दच तसा आहे. भिंत पडकी असली तरी शब्द ताठ.

तर कागद होता रत्नागिरीकडचा, शंभरेक वर्षांपूर्वीचं दोन भावांचं वाटणीपत्र. आणून देणारे गृहस्थ कोथरूडचे, धाकट्या भावाचे पणतू. मी लिप्यंतर करून दिलं : थोरल्याकडे राहाते घर खण पाच, धाकट्याकडे वाडा व गायरी, शिवाय विहिरीपलीकडचे ठिकाण. खण म्हणजे दोन खांबांमधली जागा, जुन्या घरांचं माप. वकिलांना अर्थाचं टिपणही हवं होतं. त्यात मी बिनदिक्कत लिहिलं, 'वाडा : चौक असलेले प्रशस्त घर.' गायरी हे शेताच्या तुकड्याचं नाव असावं असं धरून चाललो. कोकणात वीतभर जमिनीलाही नाव असतं. शेवटी एक कलम होतं, वाड्याची शाकारणी धाकट्याने स्वखर्चाने करावी. तेव्हा राहती घरंही गवताने शाकारत, म्हणून तिथंही अडलो नाही.

गृहस्थांचं गणित सरळ होतं. थोरल्याला घर, आपल्या पणजोबांना वाडा, आणि आज गावात वाडा दिसत नाही, म्हणजे थोरल्या पातीने तो गिळला. कोर्टात जाण्याआधी एकदा समोरासमोर बसू, म्हणून त्यांनी गावाकडच्या चुलत्यांना बोलावलं आणि कागद वाचून दाखवायला मला. येताना त्यांनी होमस्टेचा नकाशाही करून आणला होता. झोपाळा कुठे टांगायचा तेसुद्धा ठरलेलं.

चुलते पंचाहत्तरीचे. खुर्चीच्या कडेवर टेकलेले. मी 'वाडा' वाचलं तेव्हा त्यांनी मान हलवली. टिपण वाचलं तेव्हा हलवायची थांबवली.

"चौक? वाड्याला कसला चौक, साहेब?"

"काका, वाडा होता की नव्हता ते सांगा," गृहस्थ म्हणाले.

"होता तर. मी लहानपणी शेण काढलंय त्यातलं."

"म्हणजे तुम्ही वाड्यात गुरं बांधलीत?"

म्हातारा माझ्याकडे वळला. "वाड्यात गुरं नाय बांधायची तर काय मानसं बांधायची?"

मला घाम फुटला. गायरी म्हणजे काय, ते मी हळूच विचारलं. शेणखताचा खड्डा. वाड्याला लागूनच असायचा.

घरी येऊन मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश काढला. १८५७ची आवृत्ती आधारभूत मानून मी कितीतरी टिपणं दिलीत, पण 'वाडा'साठी तो कधी उघडला नव्हता. आपल्याच घराचा पत्ता कोण शोधतो? पहिला अर्थ मोठी, भव्य इमारत. पुढे गावाचा भाग, म्हणजे आपला कुंभारवाडा, गवळीवाडा. मग आवार. आणि मग गुरामेंढरांचा कोंडवाडा. धनगरांचा वाडा तर मुक्कामागणिक हलतो. वाघरीची जाळी लावली की तो उभा, सोडली की संपला. मूळ संस्कृत 'वाट', म्हणजे कुंपण घातलेली जागा. आत पेशवे असोत की पाडसं, शब्दाला पडलेली नाही. खुद्द शनिवारवाड्याचंच बघा ना. १७३०ला पाया घातला, १८२८च्या आगीत आतला महाल गेला, राहिला तो तट. घर जळालं आणि कुंपण उरलं, तरी वाडा तो वाडाच.

हे सगळं नंतर सुचलं. त्या वेळी मी फक्त कागद पुन्हा पुढे ओढला. घराला खण पाच लिहिले होते. वाड्याला एकही नाही. राहत्या जागेचे खण मोजल्याशिवाय कोणी वाटणी लिहील? हे मला पहिल्याच वाचनात दिसायला हवं होतं. नवीन टिपण देईन आणि पैसे परत करीन, असं मी म्हणालो. गृहस्थांचं लक्ष नव्हतं. ते नकाशाची सुरळी उघडत होते, मिटत होते.

चुलत्यांना वाईट वाटलं असावं. त्यांनी मोबाइल काढला आणि नातवाने काढलेला फोटो शोधून पुढे धरला. जांभ्याच्या चिऱ्यांचं गुडघाभर जोतं, त्यावर रानमोडी माजलेली, आणि एक खांब तेवढा उभा. खांबाला खालच्या बाजूला गोल खाच पडलेली, दाव्याच्या घासण्याने. बोटभर खोल तरी असेल.

गृहस्थांनी फोटो मोठा करून ती खाच बराच वेळ पाहिली.

"केवढा होता हो काका?"

"चार गुरांचा," चुलते म्हणाले. "आनि एक पाडा."