पोटावर चिखल थापायला साडेपाच वर्षं?

"पोटावर चिखल थापायला साडेपाच वर्षं लागतात होय गं?" काका म्हणाले आणि सगळे हसले. मीही हसले. दुपारपासून तेच खुपतंय.

भाची तेव्हा आईच्या पायाशी बसली होती. आधी बीपी बघितलं, गोळ्या कुठल्या चालू आहेत ते विचारलं, "त्या बंद करायच्या नाहीत हं आजी" असं दोनदा बजावलं. मग रात्रभर भिजवलेली माती ओल्या फडक्यात चौकोनी घडी घालून पोटावर ठेवली. काकांकडे वर बघितलंसुद्धा नाही.

ती कर्नाटकात बीएनवायएस करतेय, म्हणजे निसर्गोपचार आणि योगाची पदवी. साडेचार वर्षं अभ्यास, वर्षभर इंटर्नशिप. शरीररचना, शरीरक्रिया, विकृतिशास्त्र, सगळं आहे.

गांधीजींनी १९४६ मध्ये आपल्याच उरुळी कांचनला निसर्गोपचार सुरू केला, तरी आपल्याला हा विषय म्हणजे सुट्टीत जाऊन वजन उतरवायची जागा. शिक्षण आणि डॉक्टरांची नोंदणी ठरवणाऱ्या २०२० च्या भारतीय चिकित्सा पद्धतींच्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्यात आयुर्वेद, युनानी, सिद्ध, अगदी सोवा-रिग्पा ही तिबेटी पद्धतही आहे, निसर्गोपचार नाही. त्यात भर म्हणजे पंधरा दिवसांचा कोर्स करून रसाने कॅन्सर बरा करतो म्हणणारेही 'निसर्गोपचार तज्ज्ञ'च. (त्यांना काका हसत नाहीत, फॉरवर्ड करतात.)

निघताना मी विचारलं, पुढे काय? म्हणाली, रिसॉर्टवाले बोलावतात, पण थेरपिस्ट म्हणून.

मग चप्पल घालता घालता, "मावशी, स्वतःचं काढलं तर पाटीवर काय लिहू गं?"

तुम्ही काय सांगितलं असतं?