सभेत हात वर करणारा प्राणी

स्मरणिकेसाठी आठवण लिहायची म्हटल्यावर स्नेहसंमेलनाचे रंगमंच डोळ्यांसमोर यावेत हे स्वाभाविक आहे. मला मात्र चौथीच्या वर्गात बाके भिंतीला लावून मोकळी केलेली जागाच आठवते. तिथे आम्ही जे करत होतो त्याला ना पोशाख होता, ना प्रेक्षक.

धडा पंचतंत्रातील सिंह आणि सशाचा होता. सिंहाला रोज एक प्राणी पाठवायचा, हे जंगलातील सर्वांनी मान्य केले, एवढेच एक वाक्य त्या सभेविषयी पुस्तकात होते आणि ते आम्ही घडाघडा वाचून पुढे गेलो होतो. बाईंनी आम्हाला तिथेच थांबवले, ती सभा उभी करायला लावली आणि टाळी वाजताच सर्वांनी होते तसे पुतळे व्हायचे, असे सांगितले. मग त्या एकेकाच्या खांद्याला हात लावत आणि ज्याच्या खांद्याला हात लागेल त्याने त्या क्षणी मनात काय चालले आहे ते बोलायचे. मी ठरावाच्या बाजूने हात वर केलेला कोणीतरी प्राणी होतो. त्यानंतर बाई स्वतःच म्हातारी हरिणी झाल्या आणि त्यांनी मला विचारले, "उद्या कोणाला पाठवायचे ठरवले आहेस?" मला उत्तर देता आले नाही. 'मान्य केले' या दोन शब्दांचे वजन मला त्या दिवशी कळले.

शिक्षकाने स्वतः भूमिकेत शिरून मुलांशी बोलण्याची ही पद्धत रुजवणाऱ्यांत डोरोथी हीथकोट (1926–2011) या ब्रिटिश शिक्षिकेचे नाव अग्रणी आहे, हे मी फार पुढे वाचले. बाईंनी आम्हाला असे कोणतेही नाव सांगितले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सिंहाला खुर्चीवर बसवून आम्ही प्रश्न विचारले. स्वतःचेच प्रतिबिंब कसे ओळखले नाही, या प्रश्नावर सिंह झालेला मुलगा म्हणाला, "मी भुकेलेला होतो आणि रागात होतो." बाईंनी लगेच त्याला धड्यातील आधार दाखवायला सांगितला. आम्ही सगळे पुस्तकावर वाकलो, तेव्हा ससा मुद्दाम उशिरा पोहोचला होता हे प्रथमच लक्षात आले. त्याची युक्ती विहिरीपाशी नव्हे, तर वाटेत रेंगाळण्यातच सुरू झाली होती. बाईंचा आग्रह नेहमी हाच असे: बोलायचे मनापासून, पण पुस्तकाला धरून.

प्रत्येक तास साधला असे नाही. विहीर दाखवण्यासाठी केलेले गोल रिंगण तर ढकलाढकलीतच संपले, आणि एका कवितेचा आम्ही केलेला मूकाभिनय इतका हावभावांचा झाला की तिचे शब्दच हरवले. ती आम्ही नुसती मोठ्याने वाचली असती तर बरे झाले असते, असे मला आजही वाटते.

सिंहाकडे निघण्याच्या आदल्या रात्री सशाने काय लिहिले असते, ते आम्हाला शेवटी लिहायचे होते. मी पानभर शौर्य लिहिले. ती वही माझ्याकडे अजून आहे. त्या पानाच्या कडेला लाल शाईत बाईंचा एकच प्रश्न आहे: "हे ससा म्हणेल, की तू?"