मॅक ॲड्रेस नुसता उतरवू नका, वाचा

तासगावात एका ब्रॉडबँडच्या ऑफिसात मी बॅक ऑफिस सांभाळते. नवीन कनेक्शन जोडलं की लाइनमन राउटरच्या तळाच्या स्टिकरचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकतो आणि त्यावरचा मॅक ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवर ते यंत्र ओळखायचा पत्ता, मी ग्राहकाच्या खात्याला बांधते. बारा अक्षरं असतात. त्यातलं एक जरी इकडचं तिकडे झालं तरी नेट चालू होत नाही. आमच्या धंद्यात हा पत्ता सगळेच उतरवून घेतात, पण वाचणारे फार कमी. माझं म्हणणं आहे की तो वाचता आला पाहिजे, आणि ते लाइनमनपासून गल्ल्यावरच्या माणसापर्यंत कुणालाही जमण्यासारखं आहे.

फोटो हलला की मग फोनवर सांगायची वेळ येते. बी, सी, डी, ई हे सगळे फोनवर सारखेच ऐकू येतात, ए आणि एट यांतही घोळ होतो. म्हणून आमच्यात गावं ठरली आहेत: ए आटपाडीचा, बी बुधगावचा, सी चिंचणीचा, डी दिघंचीचा, ई एरंडोलीचा. एफला गाव लागत नाही, तो कशातच मिसळत नाही. "ताई, लिहा. शून्य शून्य, शून्य शून्य, पाच ई." "एरंडोलीचा ना?" "हां, एरंडोलीचा." एवढ्यावर काम होतं. एफच्या पुढचं अक्षर या पत्त्यात येतच नाही. स्टिकरवर ओ दिसला तर ते शून्यच, आय दिसला तर एक, एस दिसला तर पाच, जी दिसला तर सहा. यात विचारायलाही नको.

आता तोच पत्ता पूर्ण घेऊ: ००:००:५ई:००:५३:२सी. हा कुणाच्या घरचा नाही. ही मालिका इंटरनेटचे क्रमांक सांभाळणाऱ्या आयाना या संस्थेकडे आहे आणि तिच्यातले ००:५३ नंतरचे २५६ पत्ते लिखाणातल्या उदाहरणांसाठी राखून ठेवलेले आहेत. लिनक्सवर हा असा कोलन घालून दिसतो. विंडोजमध्ये कोलनच्या जागी आडवी रेघ येते. सिस्को कंपनीच्या स्विचवर, म्हणजे अनेक तारा एकत्र जोडणाऱ्या डब्यावर, चार-चार अक्षरांचे तीन गट आणि मधे टिंब: ००००.५ई००.५३२सी. मॅकबुकवर एआरपीचा तक्ता, म्हणजे आसपासच्या यंत्रांच्या पत्त्यांची यादी, काढला तर पुढची शून्यं गळतात आणि ०:०:५ई:०:५३:२सी एवढंच उरतं. पत्ता एकच, ४८ बिटांचा. म्हणून दोन पत्ते ताडून बघायच्या आधी टिंबं-रेघा काढा, गळलेली शून्यं भरा, सगळी अक्षरं कॅपिटल करा, मग बारा मोजा. बारा भरली नाहीत तर पुढे जाऊच नका.

एक्सेलबद्दल एक सांगते, कारण याने भल्याभल्यांना छळलंय. कोलन नसलेला पत्ता पेस्ट केला आणि त्यात सगळे आकडेच असले तर एक्सेल पुढची शून्यं खाऊन टाकतं. बाकी आकडे आणि शेवटून दुसऱ्या जागी ई असेल तर त्याला ती घातांकातली संख्या वाटते आणि पत्त्याचा भलताच दशांश होऊन बसतो. पेस्ट करण्याआधी तो कॉलम टेक्स्ट करून ठेवायचा. नंतर करून उपयोग नाही.

हे सगळं किती कामाचं आहे ते गेल्या बेदाण्याच्या हंगामात दिसलं. सावळजकडच्या एका बेदाणा शेडचे कॅमेरे मधूनच बंद पडायचे. शेडमालक रोज फोन करायचे, लाइनमन जाऊन यायचा, फायबर ठीक, पॉवर ठीक. मणेराजुरीच्या एका घरातूनही तशीच तक्रार होती, पण ही दोन्ही दुखणी एकच असतील असं कुणाच्या मनात येण्यासारखं नव्हतं. आमचं मॉनिटरिंगचं सॉफ्टवेअर एसएनएमपीने (यंत्रांची माहिती लांबून विचारायची पद्धत) कुठला पत्ता कुठल्या पोर्टावर आहे याचा स्विचचा तक्ता वाचतं, आणि त्यात मॅक ॲड्रेस येतो तो साध्या आकड्यांत: ०.०.९४.०.८३.४४. (खरा पत्ता देत नाही, वरचंच उदाहरण घेतलंय.) हा आकडा एकदा एका पोर्टावर दिसायचा, घटकाभराने दुसऱ्या पोर्टावर.

मी वहीत मांडून बघितलं. मॅक ॲड्रेस हेक्समध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या मोजणीत, लिहितात. त्यात जोडीतलं डावं अक्षर सोळाने गुणायचं आणि उजवं मिळवायचं. ए म्हणजे दहा, एफ म्हणजे पंधरा. उलटं जायचं तर सोळाने भागायचं: ९४ ला सोळाने भागलं की पाच वेळा जातो आणि बाकी १४ उरते, १४ म्हणजे ई, झालं ५ई. ८३ मध्ये पाच सोळे, बाकी तीन, म्हणजे ५३. ४४ मध्ये दोन सोळे, बाकी १२, म्हणजे २सी. जिथे शून्य आहे तिथे दोन शून्यं लिहायची, नाहीतर बारा अक्षरं भरत नाहीत. तो पत्ता आमच्या शीटमध्ये शोधला तर दोन ग्राहक निघाले, एक सावळजचा, एक मणेराजुरीचा. राउटर एकाच खेपेतले. बनवणाऱ्याने दोघांत एकच पत्ता भरून पाठवला होता. दोन्ही राउटर चालू असले की स्विच पार गोंधळायचा, ज्याचं पॅकेट शेवटी आलं त्याच्याकडे सगळं ढकलायचा.

असं होऊ नये म्हणूनच तर हा पत्ता एवढा लांब ठेवलाय. झेरॉक्सच्या पहिल्या प्रायोगिक इथरनेटमध्ये पत्ता फक्त ८ बिटांचा होता आणि त्या-त्या नेटवर्कपुरताच खरा होता. तो ४८ बिटांचा का करायचा, हे १९८१ च्या एका निबंधात मांडलं ते योगेन दलाल आणि रॉबर्ट प्रिंटिस यांनी. त्यातले दलाल आपल्या आयआयटी मुंबईतून शिकून स्टॅनफर्डला गेलेले. यंत्र उचलून जगात कुठेही जोडा, पत्ता बदलायची गरज पडू नये, असा तो विचार. मला तो फार आवडतो. आज पत्त्याची पहिली सहा अक्षरं आयईईई ही संस्था कंपनीला देते, उरलेली सहा कंपनीने स्वतः भरायची. त्यात १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ पत्ते बसतात. एवढी जागा असून दोन राउटरना एकच पत्ता देणं हा निव्वळ हलगर्जीपणा आहे.

पहिल्या जोडीतल्या दुसऱ्या अक्षराकडे मात्र नीट बघा. ते विषम असेल, म्हणजे १, ३, ५, ७, ९, बी, डी, एफ यांपैकी, तर तो पत्ता एका यंत्राचा नसतो, गटाला उद्देशून पाठवायचा असतो. म्हणजे राउटरच्या स्टिकरवर पहिली जोडी ०बी वाटत असेल तर ती बहुतेक ०८ आहे. बी आणि आठचं भांडण तिथेच मिटतं. आणि ते अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर पत्ता कारखान्यातून आलेला नाही, कुणीतरी इथेच बसून ठरवलेला आहे. मणेराजुरीच्या राउटरला नवा नग येईपर्यंत आम्ही ०२ ने सुरू होणारा पत्ता सेटिंगमधून दिला आणि खात्यालाही तोच बांधला. त्याच दिवशी शेडचे कॅमेरे सुरळीत झाले.

विश्रामबागेतल्या एका हॉस्टेलच्या वॉर्डनबाईंचं कोडंही यानेच सुटलं. मुलांचे फोन यादीत घातले होते, तरी वायफाय त्यांना अनोळखी समजून बाहेर ठेवायचं. अडलेल्या प्रत्येक पत्त्याचं दुसरं अक्षर २, ६, ए, ई या चारपैकीच. अँड्रॉइड १० पासून आणि आयओएस १४ पासून फोन दर वायफायला मनाचा पत्ता सांगतो, म्हणजे माणूस कुठे-कुठे फिरला याचा माग काढता येऊ नये. चांगली सोय आहे, ती बंद करायला मुलांना सांगू नका असंच मी म्हटलं. त्या वायफायवर फोन जो पत्ता दाखवतोय तोच यादीत घाला, काम होतं.

जीपॉनवाल्यांसाठी, म्हणजे घरापर्यंत फायबर नेणाऱ्यांसाठी, शेवटचं. तिथे ओएनयू (ग्राहकाकडचा फायबरचा डबा) मॅकवर नाही, सिरियल नंबरवर ओळखला जातो, आणि स्टिकरवर तो कधी एचडब्ल्यूटीसी असा सुरू होतो तर कधी ४८५७५४४३ असा. दोन्ही एकच आहेत. एच म्हणजे ४८, डब्ल्यू ५७, टी ५४, सी ४३. झेडटीईजी असेल तर ५ए५४४५४७. पुढची आठ अक्षरं जशीच्या तशी राहतात.