आमची वाटचाल : बेचाळीस दिवसांचं गणित

२०१२ च्या ऑगस्टमध्ये दौंड तालुक्यातल्या आमच्या बांधावर मेलिफेरा जातीच्या मधमाश्यांच्या वीस पेट्या उतरल्या. सासऱ्यांनी कडुलिंबाखालची जागा आदल्या दिवशीच साफ करून ठेवली होती. माझे मिस्टर तेव्हा टेम्पो चालवायचे, मी शिवणकाम करायचे. पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, तिथे आम्ही दोघांनी प्रशिक्षण घेतलं होतं. पेटी उघडायची कशी, धूर किती द्यायचा, राणी कशी ओळखायची हे हाताला आलं होतं. बाकीचं आपोआप येईल असं वाटत होतं.

सातेरी, म्हणजे आपली देशी मधमाशी, का नाही घेतली, असं अजूनही लोक विचारतात. सातेरी आपली, इथल्या डोंगरांतली, आणि महाबळेश्वरच्या जंगलात तिच्याइतकं चांगलं काम कुणी करणार नाही. पण आमच्या सपाट, तापट भागात फुलं संपली किंवा त्रास झाला की ती पेटी सोडून निघून जाते. आम्हाला पेट्या टेम्पोत घालून गावोगाव फिरवायच्या होत्या. मेलिफेरा मूळची युरोप, आफ्रिका आणि पश्चिम आशियातली. १९६२ मध्ये, आज हिमाचल प्रदेशात असलेल्या नगरोटा बगवानला, प्रा. अटवाल यांनी ती भारतात यशस्वीपणे रुजवली. ती सहसा घर सोडत नाही, मध जास्त साठवते आणि दोन-तीन किलोमीटरपर्यंत सहज चरायला जाते. आमच्या धंद्याला तीच सोयीची होती.

पहिल्या पावसाळ्यात आम्ही माश्यांना साखरेचा पाक दिला नाही. एक तर पैसे नव्हते, आणि चहूकडे हिरवं दिसत होतं. हिरवं म्हणजे फुलोरा नव्हे, हे तेव्हा डोक्यात शिरलं नव्हतं. सप्टेंबरात शेजारच्या शिवारात सूर्यफूल फुललं. (तेव्हा आमच्याकडे ते बऱ्यापैकी असायचं, आता शोधत हिंडावं लागतं.) फुलं पाहिली आणि आम्ही घाईघाईने पाक द्यायला लागलो. राणीने भराभर अंडी घातली, फ्रेम (पोळ्याच्या चौकटी) पिलाव्याने, म्हणजे अंडी, अळ्या आणि कोषांनी भरल्या, आम्ही खूश. पण मधाचं सुपर, म्हणजे पेटीवरचा मध साठवायचा कप्पा, हलकंच राहिलं. पेट्या माश्यांनी गच्च भरल्या तेव्हा सूर्यफुलाच्या माना खाली गेल्या होत्या. वीस पेट्यांतून जेमतेम ३८ किलो मध निघाला.

जालन्याकडचे एक जुने मधपाळ आहेत, आम्ही त्यांना काका म्हणतो. त्यांना फोन केला. त्यांनी मध किती निघाला हे विचारलंच नाही. "ताई, पाक कोणत्या तारखेला सुरू केला?" एवढंच विचारलं. तारीख सांगितल्यावर म्हणाले, "फूल दिसल्यावर पाक द्यायचा नसतो. फूल यायच्या दीड महिना आधी द्यायचा."

दीड महिनाच का, हे त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. अंडं तीन दिवस. अळी सहा दिवस. मग माश्या घरावर मेणाचं झाकण घालतात आणि आत बारा दिवस कोष. एकविसाव्या दिवशी कामकरी माशी बाहेर येते, पण ती लगेच फुलावर जात नाही. आधी रिकामी घरं साफ करते. मग डोक्यातल्या ग्रंथींतून राजान्न तयार होऊ लागलं की अळ्यांना भरवते. पुढे त्या ग्रंथी आटतात आणि पोटाखालच्या ग्रंथींतून मेणाचे पापुद्रे सुटू लागतात, म्हणजे आता पोळं बांधायचं. बाहेरून आलेला मकरंद उतरवून घेणं, पंखांनी वारा घालून त्यातलं पाणी उडवणं, शेवटी दारावर पहारा. या सगळ्यात आणखी तीन आठवडे जातात आणि मगच ती चरायला निघते. एकवीस आणि एकवीस, बेचाळीस. बाहेरचं काम तिला जेमतेम दोन-तीन आठवडे झेपतं, पंख झिजतात आणि एक दिवस ती रानातच राहते.

म्हणजे आज फुलावर दिसणारी माशी दीड महिन्यापूर्वीचं अंडं असते. आम्ही सप्टेंबरात पाक देऊन ऑक्टोबरच्या शेवटासाठी माश्या तयार केल्या होत्या, आणि ऑक्टोबरच्या शेवटी आमच्या शिवारात काहीच नव्हतं.

तेव्हापासून आमच्या घरात कॅलेंडर उलटं वाचलं जातं. पीक कधी फुलेल ते शेतकऱ्याला विचारायचं, त्यातून बेचाळीस दिवस वजा करायचे आणि त्या तारखेवर लाल गोल करायचा. दुसऱ्या वर्षी गोल जुलैअखेर पडला, आणि सप्टेंबरात सुपर उचलायला दोघं लागले.

साखर देता का, असं गिऱ्हाईक विचारतं. हो, देतो. पावसाळ्यात फुलं नसताना वसाहत उपाशी मारायची नाही. पण तेव्हा पेटीवर सुपर नसतं. फुलोरा सुरू व्हायच्या आधी पाक बंद, त्यानंतरच सुपर चढवायचं. माश्यांनी मेणाने झाकलेल्या फ्रेमच काढायच्या, कारण मधातलं पाणी साधारण वीस टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय त्या झाकण घालत नाहीत. मध तयार झाल्याची त्यांची खूण आम्ही आमच्या घाईपेक्षा मोठी मानतो.

२०१४ ला पेट्या साठ झाल्या आणि एक चूक फार लागली. बांधावर पाणी साचतं म्हणून दुपारी पेट्या उचलून दोनशे मीटरवर नेल्या. संध्याकाळी जुन्या जागी हजारो माश्या रिकाम्या जमिनीवर घोंघावत होत्या. माशी पहिल्यांदा बाहेर पडते तेव्हा दाराकडे तोंड करून गिरक्या घेत ती जागा मनात बसवते आणि पुढे त्याच जागी परत येते. रात्री थंडीत त्यांचे पुंजके गवतात पडलेले पाहून मला रडू आलं. आता पेट्या हलवायच्या त्या अंधार पडल्यावर, सगळ्या आत आल्यावर, आणि चार-पाच किलोमीटरच्या पलीकडेच, म्हणजे ओळखीची कुठलीच खूण उरत नाही.

त्याच वर्षी मोहरीसाठी पहिल्यांदा राजस्थानात, भरतपूरकडे गेलो. नोव्हेंबरअखेर जायचं, जानेवारीअखेर परतायचं. मध भरपूर मिळाला, पण महिन्याभरात बाटल्यांत गोठून तुपासारखा झाला आणि गिऱ्हाइकांनी "साखर घातली" म्हणून परत आणून दिल्या. मोहरीच्या मधात ग्लुकोजचं प्रमाण जास्त, म्हणून तो लवकर गोठतो, हे दुकानात उभं राहून एकेकाला समजावलं. आता आम्ही तो गोठलेलाच विकतो आणि लेबलवर तसं ठळक लिहितो.

आमचं खरं बस्तान बसवलं ते कांद्याच्या बियाण्याने. जालना आणि देऊळगाव राजा भागात संकरित कांदा बियाण्याचे प्लॉट असतात, तिथे परागीभवनासाठी आम्ही पेट्या भाड्याने देतो. त्यात नराच्या ओळी आणि मादीच्या ओळी वेगळ्या. मादीच्या फुलात पराग नसतोच. नुसता पराग गोळा करणारी माशी मादीच्या ओळीकडे फिरकत नाही. मकरंदासाठी फिरणारी माशीच दोन्हीकडे जाते, आणि बी तिच्यामुळे धरतं. शिवाय कांद्याच्या मकरंदात पोटॅशियम जास्त असल्याने माशीला तो फारसा रुचत नाही. पहिल्या वर्षी आम्ही उत्साहाने आठवडाभर आधी पेट्या नेऊन ठेवल्या. माश्यांनी शेजारचा धन्याचा, म्हणजे कोथिंबिरीच्या बियाण्याचा, प्लॉट शोधला आणि तिथेच रमल्या. माशी एकदा एका फुलाला लागली की तेच फूल धरून ठेवते. प्लॉटचे मालक मला बांधावर घेऊन गेले आणि म्हणाले, "ताई, बघा, धन्यावर माश्यांचा आवाज येतोय आणि माझा कांदा मुका." मी त्या वर्षीचं भाडं घेतलं नाही. आता प्लॉटमधली साधारण दहा टक्के फुलं उमलल्याशिवाय पेट्या उतरवत नाही, आणि त्याही रात्री. सकाळी माशी दारातून बाहेर पडते तेव्हा समोर कांदाच असतो. ते मालक आजही आमच्याकडूनच पेट्या नेतात.

प्लॉटवाल्यांशी करार करताना भाड्याच्या आधी फवारणीचं कलम लिहितो. एका गावात भर सकाळी, फुलावर माश्या असताना फवारणी झाली आणि दुपारपर्यंत पेट्यांच्या दारात मेलेल्या माश्यांचे थर साचले. आता दोन दिवस आधी फोन आणि फवारणी सूर्यास्तानंतरच. हे मान्य नसेल तर आम्ही जात नाही, भाडं कितीही असो.

वरोआने मात्र एका हिवाळ्यात आमच्या तिसऱ्या हिश्शाच्या पेट्या नेल्या. टाचणीच्या डोक्याएवढा, तांबूस, चपटा, माशीच्या अंगावर जगणारा कोळी (माइट). तो मुळात सातेरीवरचा. तिच्याकडे तो फक्त नरांच्या पिलाव्यात वाढतो आणि ती त्याला ओरबाडून काढते, म्हणून दोघांचं निभतं. मेलिफेराला ती सवय नाही. तिच्याकडे तो कामकरी माश्यांच्या झाकलेल्या घरांतही वाढतो आणि चुरमडलेल्या पंखांच्या माश्या बाहेर पडतात. आम्ही ते पंख पाहिले आणि "थंडीने झालं असेल" म्हणून सोडून दिलं. आता दर महिन्याला अर्धी वाटी, म्हणजे सुमारे तीनशे माश्या, जाळीच्या बरणीत पिठीसाखरेत घोळवायच्या. कोळी सुटून खाली पडतात, ते मोजायचे आणि माश्या परत पेटीत. नरांचा झाकलेला पिलावा कापून काढायचा, कारण कोळी तिथेच जास्त शिरतो.

राण्या आम्ही २०१८ पासून स्वतः तयार करतो. राणी आणि कामकरी दोघी एकाच प्रकारच्या अंड्यातून येतात, फरक पडतो तो खाण्याने. पहिले तीन दिवस सगळ्याच अळ्यांना राजान्न मिळतं. पुढे कामकरीच्या अळीला पराग-मधाचं मिश्रण देतात, राणीच्या अळीला राजान्नच चालू राहतं, आणि ती सोळाव्या दिवशी बाहेर येते. ग्राफ्टिंगला, म्हणजे अळी उचलून राणीघरात ठेवायला, आम्ही एका दिवसाची अळी घेतो, म्हणजे बाराव्या दिवशी राणी निघणार आणि दहाव्या दिवशी प्रत्येक राणीघर वेगळ्या छोट्या पेटीत गेलंच पाहिजे. पहिल्या वर्षी नणंदेच्या लग्नाच्या धावपळीत आमचे दोन दिवस चुकले. पेटी उघडली तेव्हा एक राणी फ्रेमवर फिरत होती आणि बाकीची चौदा राणीघरं कडेने कुरतडलेली. आधी निघालेली राणी बाकीच्यांना घरातच डंख मारते. तिची नांगी कामकरीसारखी काटेरी नसते, त्यामुळे ती पुन्हा पुन्हा वापरू शकते.

दुकानात काचेच्या भिंतींची एक पेटी ठेवली आहे. शाळेची मुलं आली की मी त्यांना माशीचा नाच दाखवते, त्यातून ती बाकीच्यांना फुलांची जागा सांगते. माशी पोट थरथरवत सरळ चालते, वळते, पुन्हा चालते. सरळ वर गेली तर फुलं सूर्याच्या दिशेला, तिरकी गेली तर सूर्यापासून तेवढ्याच कोनात. थरथर साधारण एक सेकंद टिकली तर अंतर अंदाजे एक किलोमीटर. ही भाषा उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ चं नोबेल मिळालं. गेल्या वर्षी सातवीतल्या एका मुलीने कोन मोजला, बाहेर जाऊन सूर्य पाहिला आणि कालव्याकडे बोट दाखवलं. आम्ही सगळे चालत गेलो. कालव्याच्या कडेची करंजं फुलली होती.

आज पेट्या दोनशे साठ आहेत. टेम्पो आमचा स्वतःचा, मिस्टरच चालवतात. काकांचं वय झालं आहे, तरी दर जुलैत त्यांचा फोन येतो आणि ते पहिल्यांदा तारीखच विचारतात. या वर्षी मोहरीचा गोल १५ ऑक्टोबरवर आहे. साखरेची पोती आणून ठेवली आहेत.