सेंद्रिय करू हो, पण जमीन कुणाच्या नावावर?

आमच्याकडं शेतीवरची कसली पण मीटिंग झाली की एक वाक्य हमखास येतं, शेतकऱ्यांमध्ये सेंद्रिय शेतीची जागृती नाही. डोकंच फिरतं ऐकून. राजापूर तालुक्यातल्या कुठल्याही वाडीत जा, जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्र-गुळाचं आंबवण, कसं करतात ते साठीचा माणूस तुम्हाला उभ्या उभ्या सांगेल, गिरिपुष्पाचा पाला खत म्हणून चिखलणीत गाडायचा हे पण त्याला पाठ आहे. अडतंय ते सातबाऱ्यावर.

जमीन आजोबांच्या नावावर, मग काका, आत्या, त्यांची मुलं, कोण विरारला कोण डोंबिवलीला, एकेका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं आणि त्यात चार-पाच जण वारलेले, वारस नोंद राहिलेली ती राहिलेलीच. कसतो मात्र एकटाच. आता त्याला सांगायचं की बाबा, कातळावरच्या त्या वितभर मातीत दरवर्षी शेणखत टाक, दगडांचा गडगा बांध, पाणी जिरव, काही वर्षांनी जमीन सुधारेल. सुधारेल की! पण तोवर वाटणी झाली तर तो तुकडा कुणाकडं जाईल? अनुदान घ्यायचं म्हटलं तर सगळ्या हिस्सेदारांचं संमतीपत्र मागतात आणि एक तरी चुलतभाऊ असा असतोच ज्याला वाटतं सही दिली म्हणजे हक्क गेला.

आंब्याचं तर याच्या पुढचं. मालक मुंबईत, बाग खंडाने म्हणजे ठराविक रकमेवर कसायला दिलेली, खंड पण बहुतेक एका हंगामाचा, आणि घेणाऱ्यानं वाशीच्या दलालाकडनं ॲडव्हान्स उचललेला असतो. म्हणजे याच मार्च-एप्रिलमध्ये पेट्या निघायलाच हव्यात. हापूस तर एक वर्ष भरपूर आणि पुढच्या वर्षी दांडी मारणारं झाड, मग पावसाळ्यात बुंध्याभोवती कल्टार. हे पॅक्लोब्युट्राझॉल, झाडाची पालवी रोखून मोहोर आणतं. दापोलीच्या विद्यापीठाची शिफारस आहेच, पण ती मोजून, झाडाच्या विस्ताराच्या व्यासाला मीटरमागं 3 मिली, आणि सोबत खतं वेळेवर. खंडवाला मोजत बसेल कशाला, खत पुढच्या वर्षासाठी असतं आणि पुढच्या वर्षी बाग दुसऱ्याकडं. झाड थकलं तर मालकाचं. त्याला शिव्या घालून उपयोग नाही, त्याच्या जागी मी असतो तर मी पण तेच केलं असतं.

मग मालकानं बाग दहा वर्षांच्या लेखी कराराने का देऊ नये? तर कूळ लागेल, म्हणजे कसणारा जमिनीवर हक्क सांगेल, म्हणून. 1948 चा कूळ कायदा, 1 एप्रिल 1957 चा कृषक दिन, त्या दिवसापासून कसणारी कुळं जमिनीची मालक झाली. कायदा चांगलाच होता, पण कोकणात घराघरात त्याची भीती अजून मुरलेली आहे, तोंडी द्या, कागद नको. आणि कागद नाही म्हणजे सेंद्रियचं सर्टिफिकेट विसरा, कारण आंबा-काजूसारख्या बहुवर्षायु पिकाला रासायनिकवरून सेंद्रियकडं रूपांतराचा काळच 3 वर्षांचा धरतात, तोवर फुलकिडे आणि तुडतुडे तुमच्या मोहोरावर आणि माल विकायचा मात्र साध्याच भावात. एका हंगामाचा खंडकरी तीन वर्षं कुठनं आणणार?

बाकी अडचणी पण आहेत, गोठे रिकामे झाल्यामुळं शेणखत विकत आणावं लागतं, मजूर नाही, भातानंतर कुळीथ पेरावा तर मोकाट गुरं आणि वानर. नेरळचे शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांची एसआरटी म्हणजे गादीवाफ्यावरचा बिननांगरणीचा भात, मला खरंच आवडते कारण लावणीचे मजूर वाचतात, पण त्यात तणनाशक येतं म्हणून आमचे कट्टर सेंद्रियवाले नाक मुरडतात. असो, तो वाद वेगळा.

माझं म्हणणं एवढंच की शेतकऱ्यांच्या मीटिंगला कृषीवाल्यांच्या शेजारी तलाठी आणि तहसीलदारांना पण बसवा. जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडं वाटपाचा अर्ज करता येतो, सगळ्यांची संमती असेल तर कोर्टाची पायरी चढायला नको. चाकरमानी मे महिन्यात आंबे खायला येतात, गणपतीला तर सगळेच येतात. आरतीनंतर पत्त्यांचा डाव मांडायच्या आधी सातबारा काढा, कोण कोण वारलंय त्यांच्या वारस नोंदीचे कागद जमवा आणि सह्या घ्या, कारण दीड दिवसाचा गणपती गेला की परतीच्या गाड्या सुरू.